चार नंबरचं भोक

(वेळा फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याच्या. भारतीय घड्याळ त्यांच्या साडेदहा तास पुढे.)

७ नोव्हेंबर २०००, मंगळवार. सकाळी ७

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीतली मतदान केंद्रं उघडली. काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. फ्लोरिडात अशा ६७ काउंट्या आणि मतपत्रिका कशी छापायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. दिल्लीहून एक नमुना सुटला आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत तसाच लागू झाला, ही सोय तिथे नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर तेव्हा देशाचे उपाध्यक्ष होते आणि रिपब्लिकन जॉर्ज बुश टेक्सासचे गव्हर्नर. जिंकायला राज्यवार वाटलेल्या प्रतिनिधी मतांपैकी (इलेक्टोरल व्होट्स) २७० लागत. त्यातली २५ एकट्या फ्लोरिडाकडे होती.

पाम बीचमध्ये निवृत्त लोकांची वस्ती मोठी. मोतीबिंदू, कापरे हात, दोन-दोन चष्मे. काउंटीच्या निवडणूक अधिकारी थेरेसा लपोर यांनी हे ध्यानात घेतलं होतं. यंदा अध्यक्षपदाला दहा उमेदवार. एका पानावर सगळी नावं बसवायची तर टाइप बारीक करावा लागणार आणि आजी-आजोबांना ती नावं वाचता येणार नाहीत. म्हणून त्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर वाटली, टाइप मोठा ठेवला आणि भोकांची एकच रांग दोन्ही पानांच्या मधोमध घेतली. उघडलेल्या पंखांसारखी दिसणारी ही मतपत्रिका पुढे 'बटरफ्लाय बॅलट' म्हणून जगभर गाजली. तिचा नमुना आधीच लोकांच्या हाती गेला होता, दोन्ही पक्षांच्या माणसांनी पाहिला होता. कुणी हरकत घेतली नाही.

आता ती पत्रिका डोळ्यांसमोर आणा. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, त्याखाली दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव पॅट ब्यूकॅनन, तिसऱ्याच एका पक्षाचे उमेदवार. मधल्या रांगेतलं सर्वांत वरचं भोक बुशचं, क्रमांक ३. त्याच्या खालचं, क्रमांक ४, ब्यूकॅननचं. गोर पाचवर. डावं पान वरून खाली वाचणारा माणूस काय करील? दुसरं नाव, दुसरं भोक.

सकाळी, थोड्याच वेळात

मतदानाची रीत अशी होती: यंत्राच्या चौकटीत एक कार्ड सरकवायचं, त्यावर नावांची पुस्तिका यायची, आणि टोकदार सळईने हव्या त्या भोकातून कार्डावरचा ठिपक्यांनी आखलेला चिमुकला चौकोन पाडायचा. त्या कागदी टिकलीला म्हणतात चॅड. पण खुद्द कार्डावर एकही नाव नव्हतं, नुसते आकडे. म्हणजे कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं, तरी आपण कुणाला निवडलं ते कळायचं नाही. आपल्याकडच्या जुन्या कागदी मतपत्रिकेवर निदान फुलीचा ठसा चिन्हावर उमटायचा. निरक्षर माणसालाही आपलं मत दिसायचं.

काहींच्या लगेच लक्षात आलं की सळई भलतीकडेच गेली. कार्ड बदलून मागता येत होतं, पण मागे रांग आणि कर्मचारी घाईत. मग पुष्कळांनी एक साधा, माणूसपणाचा उपाय केला: चारचं भोक पडलंय ना, मग पाचचंही पाडू. बघणाऱ्याला कळेल की आपल्याला गोर हवेत.

बघणारं यंत्र होतं. दोन भोकं म्हणजे मत बाद.

दुपार

तक्रारी वाढल्या. कुणी केंद्राबाहेर येऊन रडत होतं, कुणी पक्षाच्या कचेरीत फोन करत होतं. यहुदी वस्त्यांमधला सूर वेगळाच होता. गोर यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभे असलेले जो लीबरमन हे त्या पदासाठी मोठ्या पक्षाने उभे केलेले पहिले ज्यू उमेदवार होते, आणि ब्यूकॅनन यांची जुनी विधानं ज्यू समाजाला मुळीच विसरता येण्याजोगी नव्हती. आपला हात त्यांच्या नावावर पडला असावा, या विचाराने म्हाताऱ्या बायका हादरल्या होत्या.

लपोर यांच्या कार्यालयाने केंद्रांना एक सूचना पाठवली. मतदारांना आठवण करा की एकालाच मत द्यायचं, आणि त्यासाठी हव्या त्या उमेदवाराशेजारच्या आकड्याशेजारच्या बाणाशेजारचं भोक पाडायचं. हे वाक्य मी बनवलेलं नाही. सूचनेचा मजकूर जवळपास असाच होता. मतपत्रिकेचं इतकं नेमकं वर्णन नंतर कुठल्या वकिलालाही साधलं नाही.

संध्याकाळी ७

पूर्वेकडची केंद्रं बंद झाली. जे व्हायचं होतं ते इथे होऊन गेलं होतं. पुढचे ३६ दिवस त्याचं नाव शोधण्यात गेले.

संध्याकाळी ७.५०

फ्लोरिडा गोर यांच्याकडे, असं वृत्तवाहिन्यांनी एकामागून एक जाहीर केलं. सगळ्यांचा आकडेमोडीचा झरा एकच होता, वाहिन्यांनी मिळून चालवलेली व्होटर न्यूज सर्व्हिस. केंद्राबाहेर मतदारांना विचारून काढलेला अंदाज आणि काही निवडक केंद्रांचे आकडे यांवर हा निकाल उभा होता. राज्याच्या पश्चिम टोकाला मध्य अमेरिकेचं घड्याळ चालतं. तिथल्या केंद्रांना अजून दहा मिनिटं उघडं राहायचं होतं आणि तो भाग बुशच्या बाजूचा होता. रिपब्लिकन संतापले, ते रास्तच.

आणखी एक गोष्ट. केंद्राबाहेर विचारलं तर मतदार सांगणार, 'गोर'. त्याला तसंच वाटत होतं. त्याच्या कार्डावर काय पडलं होतं, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

रात्री १०च्या सुमारास

अंदाज मागे घेतला. फ्लोरिडा पुन्हा 'सांगता येत नाही' या रकान्यात. याच सुमाराला व्होल्युशा काउंटीत, २१६ क्रमांकाच्या केंद्राच्या आकडेवारीत एक अद्भुत घडलं. गोर यांना तिथे मिळालेली मतं: उणे १६,०२२. सहाशेच्या आसपास मतदारांचं केंद्र ते! बिघाड यंत्राच्या मेमरी कार्डात होता आणि स्थानिक लोकांनी तो पकडलाही. पण चुकलेले आकडे एकदा तारेवर चढले की दुरुस्ती त्यांच्या मागून चालत जाते.

८ नोव्हेंबर, पहाटे २.०९

व्होल्युशाचे चुकीचे आकडे न्यूज सर्व्हिसच्या तक्त्यात चढले. बुश यांची आघाडी एका फटक्यात वीस हजारांनी फुगून ५१ हजारांवर गेली.

पहाटे २.१६

'फॉक्स'ने फ्लोरिडा आणि अध्यक्षपद बुश यांना दिलं. फॉक्सच्या निकाल-कक्षाचे प्रमुख जॉन एलिस हे बुश यांचे सख्खे आतेभाऊ, आणि रात्रभर ते बुश आणि त्यांचे भाऊ जेब यांच्याशी फोनवरून संपर्कात होते. मराठी माणसाला यावर टिप्पणीची गरज पडू नये. पण फॉक्सला झोडपून बाकीच्यांना सोडता येत नाही: चार मिनिटांच्या आत उरलेल्या वाहिन्याही त्याच वाटेने गेल्या. तक्ता सगळ्यांसमोर एकच होता. पुण्या-मुंबईत तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता, आणि अमेरिकेला नवा अध्यक्ष मिळाल्याचं जेवणाच्या सुट्टीत कळत होतं.

पहाटे २.३०

नॅशव्हिलच्या हॉटेलातून गोर यांनी बुश यांना फोन करून पराभव मान्य केला, अभिनंदन केलं. मग गाड्यांचा ताफा वॉर मेमोरियल प्लाझाकडे निघाला. तिथे पावसात भिजत समर्थक उभे होते.

इकडे फ्लोरिडाच्या सरकारी संकेतस्थळावर आघाडी वितळत होती. गोर यांच्या माणसांनी पुढे गेलेल्या ताफ्यातल्या सहकाऱ्याला पेजरवरून गाठलं: त्यांना मंचावर जाऊ देऊ नका. गोर प्लाझापर्यंत पोचले होते, मंचापर्यंत नाही. मधल्या काही पावलांत अमेरिकेचा इतिहास अडकून राहिला.

पहाटे ३.३०च्या सुमारास

दुसरा फोन. परिस्थिती बदलली आहे, मी शब्द मागे घेतो, असं गोर यांनी कळवलं. बुश यांचा विश्वास बसेना. माझा भाऊ म्हणतोय की फ्लोरिडा आपलं आहे, असं त्यांनी सांगितलं. भाऊ म्हणजे जेब बुश, फ्लोरिडाचे गव्हर्नर. तुमचा धाकटा भाऊ यातला अंतिम अधिकारी नव्हे, अशा अर्थाचं उत्तर गोर यांनी दिलं. संभाषण तिथेच आटोपलं.

पहाटे ४.१०

आघाडी दोन हजारांच्या खाली. वाहिन्यांनी आपला दुसरा निकालही मागे घेतला. एकाच रात्री एकच राज्य दोघांना देऊन दोघांकडून परत घेतलं. काही वर्तमानपत्रांच्या 'बुश विजयी' अशा मथळ्यांच्या प्रती छापून झाल्या होत्या. गोर यांचे प्रचारप्रमुख बिल डेली यांनी भिजलेल्या गर्दीला सांगितलं की आपली लढाई चालू आहे.

सकाळ

पहिली पूर्ण बेरीज: बुश १,७८४ मतांनी पुढे. अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून कायद्याने यंत्रांवर फेरमोजणी आपोआप आली. तीत अंतर तीनशेच्या घरात उतरलं.

पाम बीचचे आकडेही आले. ब्यूकॅनन यांना ३,४०७ मतं. राज्यातल्या कुठल्याही दुसऱ्या काउंटीत त्यांना याच्या जवळपासही मजल मारता आली नव्हती. दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर त्यांनी स्वतःच कबूल केलं की यातली बहुतेक मतं आपली दिसत नाहीत. त्या सगळ्या नाटकातलं सर्वांत सरळ वाक्य हेच असावं. शिवाय अध्यक्षपदाच्या रकान्यात एकाहून जास्त भोकं पडलेल्या १९ हजारांहून अधिक पत्रिका बाद झाल्या होत्या.

यानंतर घड्याळाची जागा दिनदर्शिकेने घेतली

वकिलांची विमानं राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीला उतरली. मोजणी प्रमाणित करायची होती ती राज्याच्या सचिव कॅथरीन हॅरिस यांना, आणि त्या बुश यांच्या फ्लोरिडा प्रचाराच्या सहअध्यक्षा होत्या. काही काउंट्यांत हाताने फेरमोजणी सुरू झाली; लोंबती टिकली, खळी पडलेली टिकली, पोट आलेली टिकली असे प्रकार पाडून माणसं कार्डं दिव्याकडे धरू लागली. ब्रॉवर्ड काउंटीच्या एका न्यायाधीशांचा भिंगातून डोळे वटारून कार्ड न्याहाळतानाचा फोटो जगभर छापून आला. आदल्या वर्षीच गोव्याने आख्खी विधानसभा मतदान यंत्रांवर निवडली होती. तिथल्या एखाद्या केंद्राध्यक्षाने तो फोटो पाहिला असेल तर त्याला काय वाटलं असेल, कोण जाणे.

२२ नोव्हेंबरला मायामीत मोजणीच्या खोलीबाहेर टाय लावलेल्या रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी गोंधळ घातला आणि तिथली फेरमोजणी बंद पडली. फेरमोजणीचे आकडे पाठवायला २६ नोव्हेंबरला, रविवारी, संध्याकाळी पाचची मुदत होती. पाम बीचवाल्यांचं काम दोन-एक तासांनी चुकलं. हॅरिस थांबल्या नाहीत. प्रमाणित निकाल: बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. फरक ५३७.

८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी राज्यभर फेरमोजणीचा आदेश दिला. ९ तारखेला, शनिवारी, टॅलाहासीच्या सार्वजनिक ग्रंथालयात न्यायाधीश कार्डं तपासत बसले असताना दुपारी वॉशिंग्टनहून, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. ५ विरुद्ध ४. माणसं उठली, खोकी पुन्हा बंद झाली. १२ डिसेंबरला रात्री दहाच्या सुमारास फेरमोजणी थांबवणारा अंतिम निकाल लागला, तोही ५ विरुद्ध ४. वार्ताहर कडाक्याच्या थंडीत न्यायालयाच्या पायऱ्यांवर पानं उलटत, जिंकलं कोण ते शोधत होते. दुसऱ्या रात्री गोर यांनी तिसरा आणि शेवटचा फोन केला.

या ३६ दिवसांत जे मोजायचं की नाही यावर भांडण चाललं, ती मुख्यतः यंत्राला भोक न दिसलेली कार्डं होती. चार आणि पाच, दोन्ही भोकं स्वच्छ, आरपार पडलेली कार्डं त्यात नव्हती. त्यांच्यासाठी पुन्हा मतदान घ्या, अशी मागणी घेऊन पाम बीचचे मतदार न्यायालयात गेले. तसं करता येत नाही, असं खालच्या न्यायालयाने म्हटलं आणि १ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना माघारी पाठवलं. पुढे एका स्थानिक वर्तमानपत्राने बाद कार्डं स्वतः तपासली. फक्त गोर आणि ब्यूकॅनन या दोघांचीच भोकं पाडलेली कार्डं निघाली ५,३३०.