पणजी : प्रेक्षणीय स्थळांचा इतिहास

गोवा राज्याची राजधानी पणजी मांडवी नदीच्या डाव्या तीरावर, तिच्या मुखाजवळ वसली आहे. येथील प्रेक्षणीय वास्तू सत्तांतराच्या साक्षीदार आहेत. नदीकाठचा आदिलशाही वाडा त्यांपैकी सर्वांत जुना. साथींच्या रोगांमुळे जुने गोवे ओस पडत गेल्याने पोर्तुगीज व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम या वाड्यात हलविला. गव्हर्नर मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू याच्या कारकीर्दीत (१८२७–३५) दलदल बुजवून रस्ते व इमारती बांधण्यात आल्या. १८४३ मध्ये ‘नोवा गोवा’ या नावाने पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला. टेकडीवरील चर्चची पुनर्बांधणी १६१९ मध्ये झाली. महालक्ष्मीच्या देवळास परवानगी मिळण्यास मात्र १८१८ साल उजाडले. धार्मिक निर्बंध सैल झाल्याची ती ठळक खूण होय. फोंतेन्हास भागातील कौलारू, रंगीत घरे पोर्तुगीजकालीन नागरी जीवनाची कल्पना देतात. वाड्यालगत संमोहनविद्येचे अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा (१९४५) आहे. गोवामुक्तीनंतर (१९६१) वाड्यात सचिवालय व विधानसभा होती. २००० मध्ये विधानसभा पर्वरीस गेली. सुलतान, व्हाइसरॉय व लोकप्रतिनिधी या तिघांचीही सत्ता पाहिलेली ही वास्तू पणजीच्या इतिहासाचे सार होय.