सोमलाचा साबण

निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात आपण पाहतो तो दर्शनी भाग. काचेमागचा वाघ, फांदीवर बसवलेला धनेश. अभ्यासकांच्या कामाचा संग्रह मागच्या खोल्यांत, धातूच्या कपाटांतल्या उथळ खणांत असतो. तिथे पक्षी पाठीवर ओळीने निजवलेले असतात. चोच सरळ, पंख मिटलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, आणि पायाला बांधलेली चिठ्ठी: कुठे मिळाला, केव्हा, कोणी टिपला. त्यांतले काही दीडशे वर्षांहून जुने आहेत आणि त्यांची पिसे अजून शाबूत आहेत. हे टिकणे एका साबणाच्या जिवावर झाले.

त्याआधीची गत काय होती, ते डोडोकडे पाहून कळते. मॉरिशस बेटावरचा हा पक्षी सतराव्या शतकात नामशेष झाला. त्याचा एक पेंढा भरलेला नमुना इंग्लंडात ऑक्सफर्डला होता. तो कुजत, झिजत गेला आणि १७५५च्या सुमारास संग्रहातून काढून टाकण्यात आला. डोके आणि एक पाय तेवढा वाचला. त्या डोक्यापायांवर उरलेली कातडी हाच आज जगातला डोडोच्या कातडीचा एकमेव अवशेष आहे. अठराव्या शतकातल्या संग्राहकांनी पक्षी दारूत बुडवून पाहिले, भट्टीत वाळवून पाहिले. दारूत रंग बिघडत, आणि वाळवलेल्या कातडीला कसर लागे. कातडी आणि पिसे खाणारे बारीक भुंगेरे काही वर्षांत सगळा संग्रह भुगा करून टाकत.

फ्रान्समधल्या मेत्स गावचा औषधविक्रेता झाँ-बातिस्त बेकूर (१७१८–१७७७) याला पक्ष्यांचा नाद होता. औषधांच्या दुकानात विषे हाताशीच होती, त्यांतून त्याने तोड शोधली. पांढरा सोमल (म्हणजे आर्सेनिकचे संयुग), साबण, कापूर, कळीचा चुना आणि पोटॅशियम कार्बोनेट. यातल्या बहुतेक वस्तू आपल्या आजीच्या फडताळातही सापडल्या असत्या. या मिश्रणाची अक्कल मला फार मोठी वाटते. नुसती सोमलाची पूड कातडीवर टाकली तर झडून जाते आणि आत मुरतही नाही. क्षारामुळे ती विरघळते, साबणामुळे लेप होऊन चिकटते. पक्षी सोलल्यावर हा लेप ब्रशने कातडीला आतल्या बाजूने लावायचा. पिसांना धक्का नाही, रंगाला बाध नाही, आणि कुरतडायला आलेला किडा मरतो.

बेकूरने कृती जन्मभर गुपित ठेवली. त्याचा नाद मात्र इतरांनाही लागला: मेत्सला त्याच्या संग्रहात पक्षी पाहत वाढलेला फ्रांस्वा लव्हायां पुढे दक्षिण आफ्रिकेतून पक्ष्यांचा मोठा संग्रह घेऊन परतला. पॅरिसच्या संग्रहालयातला कारागीर लुई द्यूफ्रेन याने १८०३च्या सुमारास निसर्ग-इतिहासाच्या एका कोशात ही कृती छापली, तेव्हा कुठे ती सर्वांची झाली. विरोधकही होते. इंग्रज प्रवासी चार्ल्स वॉटर्टन याला सोमल मुळीच नको होता. तो पाऱ्याचे क्षार मद्यार्कात मिसळून वापरी, म्हणजे तेही विषच. पण संग्रहालयांनी पसंती दिली ती सोमलाला.

आपल्याकडे या पक्षिसंग्रहाचे वेड सर्वांत जास्त कोणाला होते, तर ॲलन ह्यूमला. काँग्रेसचा संस्थापक म्हणून आपण त्याला ओळखतो. पक्षी कसे जमवावे, सोलावे, टिकवावे याचे एक पुस्तकच त्याने १८७४मध्ये काढले. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले त्याच १८८५ साली त्याने आपला अवाढव्य संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

अशा कातड्यांची किंमत खानदेशाला नीट कळली. रानपिंगळा हे छोटे घुबड ह्यूमने १८७३मध्ये जगापुढे आणले. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे आणखी नमुने टिपले. १८८४नंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे संग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने १९१४मध्ये गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला. पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी निघाला. उसवून पुन्हा शिवलेला होता, तरी डेव्हिडसनच्या हाताची खूण आत राहिली होती. खोटे ठिकाण बाजूला झाले, शोध खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळला, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! कातड्या भुंगेऱ्यांनी खाल्ल्या असत्या, तर कोणती चोरी आणि कोणता तपास?

पण सोमल हे मूलद्रव्याचे विष आहे. ते कुजत नाही, उडून जात नाही. जुन्या नमुन्यांच्या चोचीपाशी, पायांपाशी आणि शिवणीवर पांढरी भुकटी दिसते. ती हाताला लागते, श्वासात जाते. शिवाय संग्रहालयांनी सोमल पक्ष्यांपुरता ठेवला नाही. माणसांनी बनवलेल्या पिसांच्या, कातडीच्या, लोकरीच्या वस्तूही त्याने माखल्या. अमेरिकेत १९९०च्या कायद्यानंतर मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तू त्यांना परत मिळू लागल्या. होपी लोकांकडे परतलेल्या काही वस्तू तपासल्या, तर त्यांत आर्सेनिक निघाले. या वस्तू त्यांच्या लेखी जिवंत असतात, विधींत अंगावर धारण केल्या जातात. ज्यांची वस्तू त्यांनाच ती उघड्या हाताने धरता येऊ नये, हा अन्याय मला ती वस्तू आधी त्यांच्याकडून नेण्याइतकाच मोठा वाटतो. तो लेप कोणी, केव्हा लावला याची नोंदही अनेकदा नसते, आणि वस्तूला इजा न करता तो पुरता धुऊन काढण्याचा खात्रीचा उपाय नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोमल मागे पडला. आता नव्या कातडीला बहुधा टाकणखार लावतात, कपाटात जाण्यापूर्वी नमुना काही दिवस कडक गोठवतात आणि खणांत किड्यांसाठी सापळे ठेवतात. जुने नमुने क्ष-किरणांच्या हातयंत्राने तपासून त्यांवर धोक्याची खूण करतात. अभ्यासक हातमोजे घालून तेच पक्षी बाहेर काढतात, पंख मोजतात, पायाच्या तळव्याचा कणभर तुकडा घेऊन त्यातून डीएनए मिळवतात, आणि पक्षी परत आपल्या चिठ्ठीसह खणात ठेवतात.