मेडिकलवाल्याला किती सुटतात? औषध दुकानाच्या हिशोबाचा इतिहास

"डॉक्टर, या गोळ्यांवर मेडिकलवाल्याला किती सुटतात हो?" हा प्रश्न रुग्ण बरेचदा विचारतात. त्यामागे दोन समजुती असतात. एक म्हणजे औषधांच्या धंद्यात मरण नाही. दुसरी म्हणजे छापील किमतीतला निम्मा पैसा तरी दुकानदाराच्या गल्ल्यात जातो. दोन्हींत थोडे तथ्य आहे आणि बराच गैरसमज आहे. आपल्या कोपऱ्यावरचे औषध दुकान नेमके कशावर चालते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

जेव्हा औषध 'बनवले' जायचे

मुंबईतल्या केम्प्स कॉर्नरचे नाव तिथल्या केम्प या औषध दुकानावरून पडले. त्या काळी अशा दुकानांत गोळ्यांची पाकिटे विकली जात नसत, औषधे तयार केली जात. डॉक्टर चिठ्ठीवर घटक आणि त्यांचे प्रमाण लिहीत. दुकानातला जाणकार माणूस ते मोजून, खलून, मिसळून देई. लहान गावांत हेच काम दवाखान्यातला कंपाउंडर करी. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली आजही अनेक आजी-आजोबांना आठवत असेल.

या पद्धतीत औषध देणाऱ्याची कमाई त्याच्या कौशल्यातून होई. घटक स्वस्त असले तरी तयार करण्याची मजुरी मिळे.

मात्र या व्यवहारावर कोणाची देखरेख नव्हती. भेसळ आणि कमअस्सल औषधे यांच्या तक्रारी वाढल्यावर सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यातूनच पुढे १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा आले. परवाना, नोंदणीकृत फार्मासिस्ट, ठरावीक जागा, खरेदी-विक्रीच्या नोंदी हे सगळे तेव्हापासूनचे. किरकोळ औषध दुकानासाठी किमान १० चौरस मीटर जागा हवी, हेही नियमांतच लिहिलेले आहे.

मजुरी गेली, टक्केवारी आली

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकांचा काळ सुरू झाला. पेनिसिलीन काही खलबत्त्यात तयार होत नाही, त्याला कारखाना लागतो. आपल्याकडे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. हळूहळू सर्वच औषधे कारखान्यातून तयार, मोजलेली आणि बंद पाकिटात येऊ लागली. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती, कारण प्रत्येक गोळीत औषध तेवढेच असण्याची खात्री वाढली.

दुकानदाराचे उत्पन्न मात्र मुळापासून बदलले. मिसळण्याची मजुरी संपली आणि उरली ती किमतीवरची टक्केवारी. औषध महाग तर त्याची कमाई जास्त, औषध स्वस्त तर कमी. रुग्णाचे हित आणि दुकानदाराचे हित यांत फट पडली ती इथे. पुढची साठ वर्षे सरकार, कंपन्या आणि दुकानदार या टक्केवारीभोवतीच भांडत आले आहेत.

१६ टक्क्यांची गोष्ट

चीन युद्धानंतर १९६२-६३ मध्ये सरकारने पहिल्यांदा औषधांच्या किमतींवर नियंत्रण आणले. १९७० मध्ये अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली औषध किंमत नियंत्रण आदेश निघाला. १९७९ च्या आदेशात ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली होती. १९९५ च्या आदेशापर्यंत हा आकडा ऐंशीच्याही खाली आला.

१९९५ च्या आदेशाने नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला विक्री किमतीच्या १६ टक्के ठेवले. म्हणजे करांचा भाग सोडला तर १०० रुपयांचे औषध त्याला ८४ रुपयांत मिळे. २०१३ च्या आदेशात अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांना कमाल किमती लागू झाल्या. आकडा १६ च राहिला, पण आता तो खरेदी किमतीवर मोजला जाऊ लागला. १०० रुपयांना घेतलेले औषध ११६ ला विकायचे. विक्रीच्या हिशोबात हे १३.८ टक्केच होतात. कागदावर तोच आकडा, हातात मात्र कमी!

यादीबाहेरच्या औषधांवर असे कायद्याचे बंधन नाही. तिथे औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी किरकोळ विक्रेत्यांना २० आणि घाऊक विक्रेत्यांना १० टक्के असा रिवाज बसवला होता. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर संघटनेचे ना-हरकत पत्र लागे. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये गोव्यातील संघटनेविरुद्ध आणि २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेविरुद्ध निकाल देऊन हे प्रकार स्पर्धेला मारक ठरवले आणि दंड केला. म्हणजे लहान दुकानदार अगदीच असहाय होता असेही नाही. संघटनेची ताकद त्याच्या पाठीशी होती, आणि तिची किंमत काही अंशी ग्राहकही मोजत होता.

एक साधा हिशोब

आता समजण्यासाठी एक काल्पनिक दुकान घेऊ. कर बाजूला ठेवून महिन्याची विक्री ४ लाख रुपये. सर्व औषधांवर मिळून सरासरी १८ टक्के सुटतात असे धरू. म्हणजे ७२,००० रुपये. त्यातून गाळ्याचे भाडे १५,०००, फार्मासिस्टचा पगार १८,०००, मदतनीस १०,०००, फ्रिजसह वीज आणि संगणक ५,०००, मुदत संपलेला किंवा फुटलेला माल व इतर खर्च ४,०००. एकूण ५२,०००. हातात उरले २०,०००. कपाटांत अडकलेल्या लाखो रुपयांच्या मालावरचे व्याज आणि ग्राहकांची उधारी अजून यात धरलेली नाही.

आता ग्राहक म्हणतो, "ऑनलाइन तर वीस टक्के सूट देतात, तुम्ही निदान पाच तरी द्या." ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे बरोबर २०,०००. शिल्लक शून्य.

मग मोठ्या साखळ्या आणि ऑनलाइन कंपन्यांना सूट कशी परवडते? त्या कंपनीकडून प्रचंड प्रमाणात थेट खरेदी करतात, स्वतःच्या नावाची उत्पादने विकतात आणि गुंतवणूकदारांच्या पैशावर काही वर्षे तोटाही सोसू शकतात. कोपऱ्यावरच्या दुकानाला यातले काहीच शक्य नसते. २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये देशभरातील औषध दुकाने ऑनलाइन विक्रीविरोधात एकेक दिवस बंद राहिली, त्यामागे हा हिशोब होता. २०१८ मध्ये सरकारने ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. विक्री मात्र वाढतच गेली.

हिशोब जुळेना, मग काय होते?

एक डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, कारण या ओढाताणीचे परिणाम शेवटी रुग्णापर्यंत येतात.

पहिली काटछाट होते फार्मासिस्टच्या पगारात. परवान्यावर एकाचे नाव आणि काउंटरवर भलताच मुलगा, हा प्रकार त्यातूनच आला. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीबाबत कडक मोहीम घेतली, तेव्हा विक्रेत्यांनी मोठा विरोध केला. पण 'एक-शून्य-एक' म्हणजे काय, दोन औषधे एकमेकांत बिघाड करतील का, हे सांगणारा माणूसच नसेल तर ते औषधाचे दुकान न राहता किराणा दुकान होते.

दुसरा परिणाम म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री. आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे दुकानदाराच्या जिवावर येते. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठी १ मार्च २०१४ पासून 'एच-१' यादी लागू झाली. त्यातील औषधांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते.

तिसरा परिणाम जास्त सुटणाऱ्या मालाकडे ओढा. काही जेनेरिक औषधांवर छापील किंमत भरपूर असते आणि दुकानदाराची खरेदी किंमत तिच्या मानाने फारच कमी. अशा औषधात ग्राहकाला मोठी सूट देऊनही त्याला बरेच उरते. कर्करोगाच्या औषधांवरील नफा तर इतका वाढला होता की फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारला ४२ औषधांवर ३० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

याची दुसरी बाजू जनऔषधी केंद्रात दिसते. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दुकान चालवणाऱ्याला २० टक्के मिळतात. पण १० रुपयांच्या पाकिटावर २० टक्के म्हणजे २ रुपये! म्हणून सरकारला वर प्रोत्साहनपर रक्कम द्यावी लागते. स्वस्त औषध विकणाऱ्याला टक्केवारीवर जगणे अवघड, हे सरकारनेच मान्य केल्यासारखे आहे.

मार्ग कोणता?

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतील प्रत्येक औषधामागे दुकानाला ठरावीक सेवाशुल्क मिळते. औषध स्वस्त असो वा महाग, ते देण्याच्या कामाचे मोल वेगळे धरले जाते. तिथलीही लहान दुकाने अडचणीत येतात, त्यामुळे हा काही रामबाण उपाय नाही. पण स्वस्त औषध दिल्याची शिक्षा तरी त्यात दुकानदाराला होत नाही. आपल्याकडे समजावून सांगण्याचे, चूक पकडण्याचे आणि रात्री अकराला इन्सुलिन काढून देण्याचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही. ते सगळे त्याच टक्केवारीत बसवावे लागते.

तोपर्यंत आपण काय करू शकतो?

• बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेले पक्के बिल नेहमी घ्या.
• फार्मासिस्ट कोण आहे ते विचारा आणि औषध कसे घ्यायचे ते त्यांच्याकडून समजून घ्या.
• चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरे दिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. चिठ्ठीवर विकायची औषधे दुकानदाराने परस्पर बदलून देणे नियमातही बसत नाही.
• जनऔषधीतली किंमत जरूर पाहा. स्वस्त औषध म्हणजे हलके औषध नव्हे.
• सुटीची तुलना करताना सेवाही मोजा. जो दुकानदार चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक द्यायला नकार देतो, तो स्वतःचे गिऱ्हाईक घालवून तुमची तब्येत सांभाळत असतो.

असा दुकानदार तुमच्या गल्लीत असेल, तर महिन्याची नेहमीची औषधे त्याच्याकडून घेण्याचा विचार अवश्य करा. आणीबाणीच्या रात्री दार उघडणारे ते दुकान बाकीचे २९ दिवस चालले, तरच तिसाव्या दिवशी उघडे सापडेल.