लढाई पुकारली कोणी?

आमच्या आजीच्या गोष्टी खाण्यापासून सुरू होत. दादरा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटलं त्या रात्रीची गोष्टही नागलीच्या भाकरीची. पाऊस होता, चूल धुमसत होती आणि पोलीस ठाण्याकडून ओरडा ऐकू आला. पुढच्या खेपेला भाकरीच्या जागी भात यायचा, पाऊसही कमीजास्त व्हायचा. रात्र मात्र पक्की, १९५४ च्या २१-२२ जुलैची. फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सची माणसं चालून आली, ठाण्याचा अंमलदार आनिसेतो रोझारिओ मारला गेला. आजी त्याच्यासाठीही हळहळायची. “त्यालाही आई असंल ना रे!”

२ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा सुटलं. त्या लढ्यात राजा वाकणकर, विश्वनाथ लवंदे होते आणि आपले बाबूजी, म्हणजे गायक सुधीर फडकेसुद्धा. रेडिओवर बाबूजींचं गाणं लागलं की आजोबा चहाची बशी खाली ठेवत.

आजोबांना छळायचा तो वेगळाच प्रश्न. ही लढाई पुकारली कोणी? दिल्लीने फौज धाडली नव्हती. दमणहून इकडे यायला पोर्तुगीज शिपायांना वाट तेवढी दिली नाही. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला, की माणसांना आणि मालाला वाट होती, फौजेला आणि हत्यारांना नव्हती. तोवर इथला कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. १९६१ च्या ऑगस्टमध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने आम्ही, म्हणजे दादरा आणि नगर हवेली, भारतात आलो आणि डिसेंबरात दमण-गोव्यात खरोखरीची फौज शिरली.

तो हुकूम मंत्रिमंडळाचा. आपल्या घटनेच्या ५३ व्या कलमात सैन्याचं सरसेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे, पण ते चालतात मंत्र्यांच्या सल्ल्याने. युद्ध आणि शांतता हा विषय संघसूचीत पंधरावा. त्यावर कायदा संसदेने करावा. मात्र लढाईआधी संसदेला विचारा, असं कुठे लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या घटनेत युद्ध पुकारायचा हक्क काँग्रेसचा आहे. आपल्याकडे आणीबाणीलासुद्धा महिन्याभरात संसदेची मंजुरी लागते, मग युद्धाला का नको? घरावर चालून आलेल्याला अडवायला सभा भरवत बसता येत नाही, हे मान्य. पण आपण होऊन सीमा ओलांडायची, तर ज्यांची पोरं जाणार त्यांच्या प्रतिनिधींनी आधी हात वर करायला हवेत, असं मला पोटतिडकीने वाटतं.

लढाई चालू असतानाही संसद भरवता येते. १९६२ साली चीनचा हल्ला झाला तेव्हा वाजपेयींनी अधिवेशन लवकर बोलवायची मागणी केली, नेहरूंनी ती मानली. ८ नोव्हेंबरपासून लोकसभेत चर्चा चालली, दीडशेहून जास्त सदस्य बोलले. आजोबा ती भाषणं छापून आलेला कागद ओट्यावर बसून मोठ्याने वाचत, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ती वारली मंडळी मधेच थांबवून विचारत, हा कुठला माणूस बोलतोय?