अनुस्वाराला ठिपके किती?

इंग्रजी अक्षर एका मजल्याच्या घरात सुखाने राहते. आपल्या अक्षराला तीन मजले लागतात. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. जोडाक्षर आले की मधल्या मजल्यावरच दोघे-तिघे दाटीवाटीने बसतात. या घराला आपल्यात सामावून घेताना यंत्रांची दोनशे वर्षे कशी तारांबळ उडाली, ते आज लिहायचे आहे. विषय शेवटी लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत जाणार आहे, कारण हल्ली माझे बरेचसे वाचन तिथेच होते.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापाने. शिळाछापात हाताने लिहिलेले जसेच्या तसे उमटते, त्यामुळे तिथे मजल्यांची अडचण नव्हती. अडचण आली ती शिशाच्या खिळ्यांमुळे. खिळा चौकोनी, एकाशेजारी एक बसणारा. त्याच्या डोक्यावर मात्रा कुठे ठेवायची आणि पायाशी उकार कुठे? मग एक तर अक्षर मात्रेसकट ओतायचे किंवा मात्रा-उकारांचे वेगळे बारीक तुकडे करून ते वर-खाली जुळवायचे. दोन्ही प्रकारांत खिळे शेकड्यांनी लागत आणि जुळाऱ्याचे काम इंग्रजीच्या कितीतरी पट किचकट होई. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे (१८६९) नाव देशभर झाले ते याच अवघड कामातल्या सफाईमुळे. बापूराव नाईक यांनी १९७१ साली 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, यावरून या विषयाचा पसारा लक्षात यावा.

यंत्राला लिपी झेपत नसेल तर लिपीच सोपी करावी, असेही प्रयत्न झाले. सावरकरांनी सुचवलेली 'अ'ची बाराखडी 'किर्लोस्कर' मासिकात बरीच वर्षे चालली. आमच्या घरातल्या जुन्या अंकांत 'अि', 'अु' पाहून आम्ही मुले हसत असू. त्यामागे छपाईचा खर्च आणि खिळ्यांची संख्या हा विचार होता, हे पुष्कळ नंतर कळले. टाइपरायटर आला तेव्हा तर मोजक्या कळांत सगळे वर्ण बसवायचे होते. शाळेत आम्ही प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर टंकून सायक्लोस्टाइल करत असू. शाई जरा जास्त झाली की अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळत, आणि परीक्षेच्या वर्गात पहिली दहा मिनिटे "बाई, इथे काय आहे?" याची उत्तरे देण्यात जात.

आता जरा व्याकरण, कंटाळू नका. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले. ज्यांचा उच्चार होत नाही असे व्युत्पत्तीने आलेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले. त्याआधीची पुस्तके उघडा, 'असें', 'केलें', 'घरांत' असे ठिपके पानभर दिसतील. 'घरांत' म्हणजे तेव्हा एकाच घरात. नव्या नियमांत बरेच ठिपके गेले, पण अनेकवचनाचा ठिपका मुद्दाम ठेवला. 'मुलाचा हक्क' आणि 'मुलांचा हक्क' यांत एका ठिपक्याचा फरक आहे, आणि हा फरक वाटणीच्या कागदावर असेल तर भावाभावांत कोर्टकचेरी होऊ शकते. 'चिता' आणि 'चिंता' यांतल्या बिंदूची गंमत तर संस्कृत सुभाषितकारांनीही हेरली होती. थोडक्यात, ठिपके कमी झाले आणि उरलेल्या प्रत्येकावरचा भार वाढला.

संगणक आला आणि अक्षरच ठिपक्यांचे झाले. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे चटकन कळेल. पाच ठिपके रुंद आणि सात ठिपके उंच एवढ्या जागेत इंग्रजीची मोठी लिपी नीट काढता येते. सुरुवातीच्या संगणकांत एका अक्षराला आठ बाय आठची चौकट असे. एवढ्यात 'स्त्री' किंवा 'र्‍हस्व' काढून दाखवा! भाईंदर स्टेशनच्या फलाटावर उभे राहून इंडिकेटरकडे पाहिले की हा प्रश्न अजून दिसतो. 'भाईंदर' या नावातच 'ई'चा वरचा रफार आणि त्याला लागून अनुस्वार आहे. वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू आणि जागा तीन-चार दिव्यांची.

या अडचणीवर आपल्या माणसांनी खूप काम केले. आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढले. तिथले 'जिस्ट' कार्ड संगणकात बसवले की साध्या पडद्यावर देवनागरी उमटत असे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा फाँट आला, तो र. कृ. जोशी यांनी घडवला होता. जोशी (१९३६-२००८) सुलेखनकार आणि कवी, आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवणारे. आपण मंडळी ब्लॉग लिहू लागलो त्याच्या मुळाशी युनिकोड आणि मंगल ही दोन नावे आहेत. त्याआधी एकेका वर्तमानपत्रासाठी एकेक फाँट उतरवून घ्यावा लागे, आठवते ना?

फाँट सुधारले, पण ठिपके तेवढेच राहिले. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली 'क्लिअरटाइप' ही युक्ती जाहीर केली. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरल्या तर आडव्या दिशेने बारकावा वाढतो. इंग्रजीला याचा फार फायदा झाला, कारण तिचा बारकावा बराचसा उभ्या रेघांत असतो. आपले भांडण मात्र मजल्यांचे, म्हणजे उंचीचे. उंचीच्या दिशेने पट्ट्या नसतात, त्यामुळे देवनागरीच्या पदरात कमी पडले. क्लिअरटाइपमध्ये अक्षरांच्या कडा वर-खालीही मऊ करण्याची सोय पुढे आली. खरा इलाज एकच होता, तो म्हणजे ठिपके वाढवणे.

फोनमध्ये ते भराभर वाढले. २०१० च्या आयफोन ४ मध्ये एका इंचात ३२६ ठिपके होते, म्हणजे साध्या लेझर प्रिंटरच्या ३०० पेक्षाही जास्त. स्वस्त लॅपटॉप मात्र कितीतरी वर्षे १३६६ बाय ७६८ वर अडून बसले. साडेपंधरा इंची पडद्यावर हे इंचाला सुमारे १०० ठिपके होतात. माझा लॅपटॉपही असाच. मी मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांचे मुद्रितशोधन करते. एका बाजूला जुन्या पानाचे छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर असतो, आणि दोन्हींतला ठिपका अन् ठिपका ताडून पाहायचा असतो. १९६२ च्या आधीचे पान असेल तर ओळीत दहा-दहा अनुस्वार. मी जे 'तपासले' म्हणून सोडून देते ते पुढे कुणीतरी खरे मानून वाचणार आहे.

"आत्या, नवीनच घे ना," असे भाची म्हणाली. पण यंत्र धडधाकट होते, डोळ्यांना कमी पडत होता तो फक्त पडदा. तो बदलता येतो, आणि घरी बदलता येतो. मात्र पडदा विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. एक, जुन्या पडद्याच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक आणि आकार. दोन, जोडणीचा प्रकार. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत चाळीस पिनांची एलव्हीडीएस जोडणी असते, नंतरच्यांत बहुधा तीस पिनांची ईडीपी, आणि ही एकमेकींना चालत नाहीत. तीन, आतली केबल. १३६६ च्या पडद्याला माहितीची एक वाहिनी पुरते, १९२० बाय १०८० ला साधारणपणे दोन लागतात. काही केबलींत एकच वाहिनी जोडलेली असते, मग नवा पडदा पेटतच नाही. माझे मॉडेल कंपनीने दोन्ही पडद्यांसह विकले होते आणि दुरुस्तीच्या पुस्तिकेत दोघांना एकच केबल दाखवली होती, म्हणून निर्धास्त झाले. भाईंदरहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरून साडेचार हजारांत पडदा आणला.

प्रत्यक्ष काम तासाभराचे. चार्जर काढायचा, मागचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवायची. पडद्याभोवतीची चौकट जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू उचकटायची. स्क्रू निघतील त्या क्रमाने वेगवेगळ्या वाट्यांत ठेवायचे. पडदा कीबोर्डवर पसरलेल्या पंचावर पालथा घालायचा, जोडणीवरची चिकटपट्टी सोडवून केबल सरळ रेषेत मागे ओढायची. ही जोडणी नाजूक असते, घाई तिथे नको. नवा पडदा जोडला की चौकट बसवण्याआधी एकदा सुरू करून पाहायचे.

नवा पडदा लावला की सुरुवातीला अक्षर उलट लहान दिसते आणि माणूस बिचकतो. विंडोजमध्ये आकार १५० टक्के करायचा. मग अक्षराचे माप जवळजवळ पूर्वीइतकेच होते, पण तेवढ्याच जागेत ठिपके दीडपट उंच आणि दीडपट रुंद. ज्या अनुस्वाराला दोन बाय दोन, म्हणजे चार ठिपके मिळत होते, त्याला तीन बाय तीन, म्हणजे नऊ मिळतात. चार ठिपक्यांचा अनुस्वार चौकोनी डाग असतो. नऊ ठिपक्यांत कोपरे फिके करून तो गोल काढता येतो. 'द्ध' आणि 'ध्द', 'सुत' आणि 'सूत' आता न थांबता ओळखू येतात.

वयाने डोळे मंदावले असे आपण फार लवकर मान्य करतो. चष्म्याचा नंबर बदलून घेतो, अक्षर मोठे करून घेतो, शेवटी वाचणेच कमी करतो. इंग्रजी वाचणाऱ्याला चालणारा पडदा मराठी वाचणाऱ्याला पुरेलच असे नाही, हे दुकानात आपल्याला कुणी सांगत नाही. शाळेसाठी किंवा नातवंडांसाठी संगणक घेताना त्यावर एक मराठी पान उघडून पाहा, नेहमीच्याच आकारात. त्यावर 'मुलाचा' आणि 'मुलांचा' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहा आणि हातभर अंतरावरून वाचा. निर्णयसागरच्या जुळाऱ्यांनी तो ठिपका शिशात ओतून, चिमट्याने उचलून जागेवर ठेवला होता. तो वाचणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे, एवढेच.