मानवत : पडद्यावरचं आणि नकाशावरचं

'मानवत मर्डर्स' ही वेब मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय : "दादा, तो वाडा खरंच मानवतला आहे का? इथून गाडीनं जाऊन बघता येईल का?" इनबॉक्सात एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच लिहितो.

आधी लोकेशनचं गणित समजून घ्या. पडद्यावरचं गाव आणि नकाशावरचं गाव एकच असतं असं नाही. बिहारमधल्या भागलपूरला १९७९-८० मध्ये पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले. त्यावरून सुचलेला 'गंगाजल' वाई-सातारा भागात शूट झाला. 'स्वदेस'मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे वाईजवळची मेणवली. 'दबंग'चं लालगंजही वाईचंच. नदीचा घाट, जुने वाडे आणि पुण्या-मुंबईहून रस्ता सोपा, आणखी काय पाहिजे? गंमत म्हणजे 'स्वदेस'चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर यांनीच मानवतच्या मालिकेत तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांची भूमिका केली आहे.

म्हणून कुठलंही दृश्य बघताना छपराकडं बघा. आमच्याकडचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे सपाट धाब्याचं, जाड मातीच्या भिंतींचं. उतरतं कौलारू छप्पर आणि मागं हिरवा डोंगर दिसला की मराठवाडा म्हणायच्या आधी थांबायचं. जमिनीचा रंग बघा. नदीला पाणी किती आहे तेही बघा.

पाणी महत्त्वाचं, कारण साल होतं १९७२. त्या दुष्काळाची आठवण कळंबच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आहे : खडी फोडायची दुष्काळी कामं, सुकडी, अमेरिकेतून आलेली मिलो. मानवत तेव्हा पाथरी तालुक्यातली कापसाची बाजारपेठ होती. तिथं नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत लहान मुली आणि बाया मारल्या गेल्या. नरबळी आणि गुप्तधनाची चर्चा गावभर झाली. स्थानिक तपास अडला आणि मुंबईहून कुलकर्णींचं पथक आलं. १९६८ मध्ये रामन राघवला पकडणारे हेच अधिकारी. त्यांच्या 'फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम' या पुस्तकावर आशिष बेंडे यांनी ही मालिका केली.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे पहिल्या खुनाच्या महिनाभर आधी. पण मराठवाड्यात टीव्ही कुठला! बातमी यायची रेडिओवर, पेपरात आणि एसटीत. भीती मात्र बातमीच्या आधी पोचायची. पोरी शाळेत पाठवायच्या का, रानात एकटीनं जायचं का, हा त्या दिवसांतला रोजचा प्रश्न होता. मालिकेत तो काही मिनिटांत उरकतो, गावानं तो चौदा महिने सोसला.

पडद्यावर हे प्रकरण पहिल्यांदा आलेलं नाही. १९८१ मध्ये अमोल पालेकरांनी 'आक्रीत' केला, लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यात तपासापेक्षा माणसं जास्त होती, म्हणून मला तो अजूनही मोठा वाटतो.

आता 'बघून येण्या'बद्दल. सिंधुदुर्गात आकेरीचा वाडा 'रात्रीस खेळ चाले'मुळे पर्यटनस्थळ झाला. लोक जातात, फोटो काढतात. त्यात कुणाचं काही बिघडत नाही, कारण अण्णा नाईक कल्पनेतले आहेत. मानवतचं तसं नाही. ज्या घरातली पोर गेली त्या घरचे लोक तिथं असतील. आरोपी म्हणून नाव आलेल्यांची नातवंडंही असतील. खटला वर गेल्यावर काहींची शिक्षा कायम राहिली, काही सुटले. मालिका बघून कुणाच्या दाराकडं बोट दाखवून रील करणाऱ्याला हा फरक माहीत असतो का? आणि ज्या पोरी गेल्या, त्यातल्या एकीचं तरी नाव त्याला सांगता येईल का?

नरबळीविरुद्ध वेगळा कायदा राज्यात आला तो २०१३ मध्ये, तोही डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. मानवतपासून मोजा, चाळीस वर्षं.

ज्याला खरंच शोधायचं आहे त्यानं कागद शोधावेत. खटल्याचे निकाल वाचावेत. औरंगाबाद खंडपीठ १९८१ चं, त्यामुळं अपिलाचे कागद मुंबईचे. अनंत भालेराव संपादक असतानाच्या दैनिक 'मराठवाडा'चे जुने अंक चाळावेत. परभणी, सेलू, पाथरीकडच्या कुणाच्या घरी १९७२ ते ७४ ची कात्रणं ट्रंकेत पडली असतील तर कमेंटमध्ये सांगा. मी येऊन फोटो काढून घेतो, मूळ कागद तुमच्याकडंच राहू द्या.