झडप, व्हॉल्व्ह आणि वॉल : परळी वैजनाथच्या निमित्ताने

परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झाले आणि ज्योतिर्लिंगाच्या या गावी एक नवी यंत्रपरिभाषा नांदू लागली. तीपैकी व्हॉल्व्ह या एकाच शब्दाचा व त्याच्या परिवाराचा येथे विचार करावयाचा आहे.

मूळ लॅटिन 'वाल्वा' म्हणजे दुपाखी दाराचे एक पाखे. मराठीत रूढ केलेला 'झडप' हा प्रतिशब्दही दारे-खिडक्यांच्याच कुळातला होय. कल्पनाही आपणांस परकी नव्हती. हवा आत घेणारी पण परत न सोडणारी चामड्याची झडप लोहाराच्या भात्यात होतीच. तथापि लोकांनी 'झडप' हृदयापुरती ठेवली. नळावर बसला तो 'वॉल', पाणी सोडणारा तो 'वॉलमन'. आणि शेतकऱ्याने विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हचा सरळ 'फुटबॉल' केला!

या परिवारातील नावे बहुधा घडणीवरून पडली आहेत. निवड मात्र कार्यावरून करावी लागते. घोटाळा होतो तो येथेच. पाण्याच्या मोठ्या नळांसाठी जेम्स नॅस्मिथने १८३९ मध्ये पाचरीच्या आकाराच्या पडद्याची झडप योजली. आजचा गेट व्हॉल्व्ह याच जातीचा. तो पूर्ण उघडला की प्रवाह सरळ जातो, दाब फारसा घटत नाही. परंतु दार उघडे असावे किंवा बंद. ते अर्धवट ठेवून प्रवाह आवरू गेल्यास पडद्याची कड थरथरते, झिजते, आणि पुढे झडप पुरती मिटतच नाही. प्रवाह कमीजास्त करावयाचा तर ग्लोब व्हॉल्व्ह हवा. त्यात प्रवाहाला वळण पडते व दाबाचा काही भाग खर्ची पडतो; पण चकती बैठकीवर वरून उतरत असल्याने नियमन नेमके साधते. 'ग्लोब' हे नाव मात्र केवळ जुन्या गोलाकार कवचाचे. कार्याविषयी ते एक अक्षर बोलत नाही.

बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात मिटतो. १९३८ मध्ये सापडलेल्या टेफ्लॉनच्या बैठकींमुळे तो पुढे सर्वत्र पसरला. पण या बैठकी साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या पलीकडे टिकत नाहीत. परळीच्या मोठ्या संचांत मुख्य वाफ पाचशे अंशांच्या वर असते. तेथे त्यांचा उपयोग नाही. उलट, थंड पाण्याच्या रुंद नळांवर हलका, आखूड बटरफ्लाय व्हॉल्व्ह सोयीचा, जरी त्याची चकती उघडल्यावरही प्रवाहातच उभी असते. सुरक्षा-झडपेची गोष्ट निराळी. देनी पापँने १६८० च्या सुमारास आपल्या वाफेच्या भांड्यावर बसविलेल्या या झडपेचे नावच कार्य सांगते, आणि म्हणून तिच्याविषयी कोणी चुकत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. जेथे गोदावरीवरील खडका बंधाऱ्याच्या पाण्यावर वीज अवलंबून, तेथे न मिटणारी झडप ही क्षुल्लक बाब राहत नाही. म्हणून पाठ्यपुस्तकांत 'बंद-झडप', 'नियमन-झडप', 'परतरोध-झडप' अशी कार्यवाचक नावे आधी यावीत व गेट, ग्लोब इत्यादी त्यांचे पोटभेद म्हणून सांगावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वॉलमनने 'वॉल'च म्हणावे. त्याच्या बोलीत हात घालण्याचे काहीच कारण नाही. 'फुटबॉल'ही राहावा. मात्र कोशात त्यापुढे 'परतरोध-झडप' एवढे लिहिलेले असावे.